डिफरेन्शिअल जोडी: लांबी जुळवत बसायचं की खालचं ग्राउंड बघायचं?

बोर्डवाला (रत्नागिरी)
गणपतीआधी जेटीवरच्या कॅमेऱ्यासाठी एक बोर्ड केला. दोन थरांचा, खालच्या बाजूला ग्राउंडचं तांबं. यूएसबी २.०च्या डिफरेन्शिअल जोडीतल्या (एकीवर सिग्नल, दुसरीवर त्याचाच उलटा) दोन्ही ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, दोन दिवस खपून केसाएवढ्या फरकापर्यंत जुळवल्या. नागमोडी वळणं बघून वडील म्हणाले, हे काय, पोफळीच्या बागेतले पाट काढलेस का?

बोर्ड लावला, तर कॅमेरा दर थोड्या वेळाने गायब! बारा व्होल्टच्या ट्रेसला वाट द्यायला मी ग्राउंडमध्ये लांब फट ठेवली होती आणि जोडी नेमकी तिच्यावरून जात होती. फट बुजवली, वळणं काढली, तेव्हापासून त्रास नाही. माझं मत: जुळवाजुळव हे निव्वळ वेड आहे. ४८० मेगाबिटला एक बिट सुमारे २.०८ नॅनोसेकंदांचा. बोर्डावर एक मिलिमीटर म्हणजे सहा-सात पिकोसेकंद. कुणाला कळणार?

सिग्नलवेडी
दादा, दोन गोष्टी एकदम बदललीत. मग गुण कशाचा आला हे कसं ठरवलंत?

शिवाय तुमचं गणित यूएसबी २.०पुरतंच चालतं. ५ गिगाबिटला बिट २०० पिकोसेकंदांचा. तिथे ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे बिटाचा सहावा-सातवा हिस्सा गेला. बरं, तो नुसता उशीर नसतो. एक बाजू आधी चढली, दुसरी मागून उतरली, की मधल्या वेळेत दोन्ही तारांवर सारखाच सिग्नल उरतो. तो केबलला अँटेना बनवतो. शेजारचा रेडिओ खरखरला की मग कळतं कुणाला कळणार ते.

केबलमास्तर (चिपळूण)
मी बोर्डवाल्यांच्या बाजूने. गिगाबिट इथरनेटच्या कॅट-५ई केबलमध्ये चार जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळे असतात, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत जात नाही. त्यामुळे तारांची खरी लांबीही वेगळी. १०० मीटरला जोड्या-जोड्यांत ५० नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो, म्हणजे बोर्डावरचे साडेसात मीटर! तरी लोक चिपपासून जॅकपर्यंतच्या चारही जोड्या एकमेकींशी मिलिमीटरला मिलिमीटर जुळवतात. हसावं की रडावं?

सिग्नलवेडी
हसा, मीही हसते. पण तो फरक दोन जोड्यांमधला, तो रिसीव्हर निस्तरतो. मी बोलतेय एकाच जोडीतल्या दोन तारांबद्दल. गल्लत इथेच होते.

बोर्डवाला
ताई, पहिला प्रश्न रास्त. लिहायचं राहिलं: नवा बोर्ड काढण्याआधी जुन्याच बोर्डावर प्रयोग केला होता. फटीच्या दोन्ही कडांचा मास्क (तांब्यावरचा रंगाचा थर) खरवडला, मधल्या ट्रेसवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी) लावली आणि वरून तांब्याची पट्टी सोल्डर केली. वळणं तशीच होती, तरी कॅमेरा टिकला. म्हणून फटच गुन्हेगार म्हणतो. जोडीतल्या दोन तारा एकमेकींचा परतीचा करंट वाहतात हे पुस्तकात वाचलं होतं. बोर्डावर बराचसा करंट खालच्या तांब्यातूनच परततो, हे त्या पट्टीने शिकवलं.

५ गिगाबिटचं मान्य. तिथे जुळवेन, पण वळण जिथे कोपऱ्यामुळे फरक पडला तिथेच देईन, दुसऱ्या टोकाला नाही.

केबलमास्तर (चिपळूण)
केबलमध्ये मात्र खाली तांबं नसतं, तिथे पीळ हाच आधार. ग्रॅहम बेलने १८८१ साली पेटंट घेतलं ते पिळाचंच. आमची पोरं जॅक बसवताना दोन-दोन इंच पीळ सोडतात. १३ मिलिमीटरच्या वर सोडायचा नसतो. वर स्वस्तातली, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल!

मालवणी गडी
तुमचा सगळा खरा, पण हयसर खाऱ्या वाऱ्यात बोर्डाआधी जॅक मरता. सोन्याचो मुलामो पातळ असलो की दोन पावसाळ्यांत पिना हिरव्यो. आणि केबलीच्या सालीत पाणी शिरला की जोडीचे ओम (इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलाक होणारो विरोध) बदलतत. पीळ कितीव सरळ ठेवा, काय उपयोग?

सिग्नलवेडी
अगदी. म्हणूनच लोक बोर्डावर कोटिंग मारतात, आणि मग वरच्या थरातल्या ट्रेसवर हवेऐवजी कोटिंग आल्याने यूएसबीच्या जोडीला लागणाऱ्या ९० ओमचे काही ओम खाली येतात. बोर्डवाले दादा, तुमच्या नव्या बोर्डाचे ओम कोटिंगआधी मोजलेत की नंतर?

बोर्डवाला
आधी. उद्या कॅमेरा खाली उतरवतो.