ड्राय नीडलिंग: खांद्यातल्या गाठीसाठी पुन्हा सुया टोचून घेऊ का?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, रोज सकाळी दीडशेच्या आसपास. वय ४७. पाच महिन्यांपासून उजवा खांदा आणि मान भरून येते, आणि दुपारी ठणका कानामागून चढत कानशिलापर्यंत जातो. अर्धशिशी समजून मी चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून आले! हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून नस कुठे दबलेली नाही म्हणून सांगितलं आणि फिजिओथेरपीला धाडलं.

शेक आणि व्यायामाने फारसा फरक पडेना, म्हणून मागच्या सोमवारी तिथल्या मॅडमनी ड्राय नीडलिंग केलं. खांद्याच्या मांसल भागात बोटाने चाचपत त्यांनी एक गाठ शोधली. ती दाबली आणि माझं कानशिलातलं दुखणं जसंच्या तसं उमटलं. मग बारीक सुई. टोचल्याचं कळलंही नाही, पण आत खालीवर केल्यावर स्नायू फडकन उडाला, मुठीत मासोळी वळवळावी तसा. मी ओरडलेच. मॅडम म्हणाल्या, "हेच हवं होतं."

त्या रात्री हात वर जाईना, अंबाडा लेकीने बांधून दिला. मंगळवारी साठ पोळ्यांवर लाटणं ठेवलं. बुधवारी मात्र दूधवाल्याने हाक मारली तर अख्खं अंग न वळवता नुसती मान वळवून बघितलं! शनिवारपासून परत दुखतंय, पण पहिल्यापेक्षा निम्मं.

उद्या पुन्हा बोलावलंय. इतकं दुखणं बरोबर आहे का? सासूबाई म्हणतात, हे चिनी सुयांचंच नवं नाव. भावजय म्हणते, फुप्फुसाला भोक पडतं. कुणाला अनुभव आहे?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुई टोचल्यावर एक-दोन दिवस असं ठणकणं नेहमीचंच, आधी सांगायला हवं होतं एवढंच. सुई अ‍ॅक्युपंक्चरचीच, विचार वेगळा. ते चिनी परंपरेतल्या बिंदूंवर चालतं, इथे दुखऱ्या स्नायूतली ताठरलेली गाठ शोधतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल अशा गाठींत औषध टोचायच्या. १९७९ मध्ये कारेल लेविट या झेक डॉक्टरांनी दाखवलं, की औषधाशिवाय नुसत्या सुईनेही आराम पडतो. म्हणून 'ड्राय'.
भावजयींची भीती अगदीच खोटी नाही. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्या जरा वरपर्यंत येतं. म्हणून स्नायू चिमटीत उचलून सुई घालतात. तुमच्या मॅडमनी तसं केलं का ते आठवा. नंतर कधीही छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी बोला. आणि व्यायाम सोडू नका, नुसत्या सुईचा गुण फार दिवस टिकत नाही.

प्रतिसाद २
ताई, तुमचा ओटा किती उंच आहे? माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं.

धागाकर्ती
चिमटीत उचललं होतं, नक्की आठवतंय. गोळी काही नाही.
ओटा आत्ताच टेपने मोजला. ३४ इंच, वर पोळपाटाचे दोन. माझी उंची चार फूट अकरा. म्हणजे पोळपाट जवळजवळ कोपराशी येतो आणि जोर द्यायला खांदा उचलावा लागतो. इतकी वर्षं लक्षातच आलं नाही!

प्रतिसाद १
जोराचं काम कोपराच्या चार-पाच इंच खाली हवं. पायाखाली काहीतरी भक्कम घ्या, न डुगडुगणारं.

धागाकर्ती
जेवायचे दोन पाट जोडून उभी राहिले. सासूबाई ओरडल्या, पाटावर उभं राहतात का म्हणून. उद्याची वेळ शनिवार संध्याकाळवर ढकलली आहे, रविवारी ऑर्डरी नसतात. सुतारालाही फोन केलाय.