हेलिकोनियाला दोन वर्षं नुसती पानंच, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी हेलिकोनियाचा एक कंद मिळाला. रोस्ट्राटा, म्हणजे लाल-पिवळा तुरा खाली लोंबतो ती जात. १८ इंची कुंडीत लावला. आता कुंडीत बोट घालायला जागा नाही इतके दांडे झालेत, पण तुरा एकही नाही.

सकाळचं तीन-चार तास ऊन लागतं. पाणी रोज. दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी घालते. वाऱ्याने पानांच्या चिंध्या झाल्या की मला बघवत नाही, म्हणून असे जुने दांडे बुडापासून छाटून टाकते. कुंडी कायम नीटनेटकी असते, त्यात कसूर नाही!

परवा छाटलेला एक जाड दांडा सहज उभा चिरला. केळीसारखे पापुद्र्यावर पापुद्रे, आणि मधोमध बोटभर लांब, फिकट, वेणी घातल्यासारखं काहीतरी. ही कीड म्हणायची की काय?

प्रतिसाद १

अहो ताई, तोच तुरा होता! ही केळीची लांबची नातेवाईक. तुरा दांड्याच्या पोटातून वर चढतो आणि शेंड्यातून बाहेर पडतो. एका दांड्याला एकदाच फूल. रोस्ट्राटाचा दांडा त्यासाठी बरेच महिने उभा राहावा लागतो, आणि तुम्ही नेमके वयात आलेलेच कापताय. फाटकी पानं असू द्या, झाडाला त्यांचं काही वाटत नाही. तुरा सुकल्यावर मात्र तो दांडा खुशाल बुडापासून काढा.

ऊन थोडं वाढवा. नत्राचं खत आवरतं घ्या, पोटॅश द्या. पाणी भरपूर चालतं, फक्त साचायला नको.

धागाकर्ती

अरे देवा. म्हणजे दोन वर्षं मीच... किती तुरे उकिरड्यात गेले असतील! कात्री ठेवली आता. कुंडी मात्र एका बाजूने तडकली आहे. कंद फोडून वेगळे करू का?

प्रतिसाद १

फोडू नका, फोडलेत तर पुन्हा पहिल्यापासून. अख्खा गड्डा न हलवता मोठ्या ड्रममध्ये उतरवा. जमिनीत जागा असेल तर त्याहून उत्तम. फक्त तिथे कडेने पत्रा गाडा, कंद पसरतात फार.