मदत हवी आहे: गाडीच्या अलॉय चाकांचा रंग काढून घासलेली चकाकी पावसाळ्यात टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

आमचं घर मांद्र्याला, समुद्र पायी दहा मिनिटांवर. बाबांची 2004 ची मारुती झेन गाडी अजून रोज चालते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला तीच आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं, सामान आणायलाही तीच. तिच्या 13 इंची अलॉयचा चंदेरी रंग खाऱ्या वाऱ्याने फुगून पापुद्रे सुटायला लागले. पुन्हा चंदेरी फवारा मारण्यापेक्षा रंग पुरता उतरवावा आणि आतलं अ‍ॅल्युमिनियमच घासून चमकवावं, असं मी ठरवलं. चवथीपूर्वी चारही तयार करून बाबांना द्यायचे आहेत.

एक अलॉय झालाय. पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घेतला, चाकाचा तोल साधणारे वजनाचे तुकडे काढले, ब्रेकची काळी भुकटी धुतली. पहिल्या दिवशी भर उन्हात पेंट रिमूव्हर लावला, ही मोठी चूक. तो जागीच वाळला आणि रंग हललासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीच्या सावलीत जाड थर दिला आणि वरून कचऱ्याची काळी पिशवी बांधली. अर्ध्या तासाने उघडलं तर तापवलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आलेल्या! प्लास्टिकच्या पट्टीने ओढलं की पट्टाच्या पट्टा निघत होता. नटच्या भोकांपाशी मात्र जुना दातांचा ब्रश घेऊन तीनदा लावावं लागलं. हातमोजे जाड घ्या. माझे पातळ होते, ते मऊ पडून फाटले आणि मनगटावर एक थेंब पडला तो निखारा टेकल्यासारखा. काम उघड्यावरच करा, वासाने डोकं धरतं.

मग वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), जाडपासून बारीकपर्यंत: 320, 600, 1000, 1500, 2000, पाणी सोडत. खरी मेहनत 320 लाच. तिथे राहिलेला ओरखडा 2000 नंतर ठळक दिसतो आणि पुन्हा मागे जावं लागतं. शेवटी ड्रिलला कापडी बफ (चमकवायची मऊ चकती) लावून मेटल पॉलिश. चार संध्याकाळी गेल्या, पण पडवीच्या दिव्याची तारसुद्धा त्यात दिसत होती.

दोनच दिवसांनी त्यावर धुरकट ठिपके आले. गाडीला लावलेलासुद्धा नव्हता, नुसता पडवीत होता. म्हणून विचारतो. वरून लॅकर (पारदर्शक थर) मारू की उघडंच ठेवू? आणि म्हापशाला समया, पितळेची भांडी बफ करून देणारे आहेत, त्यांच्याकडे उरलेले तीन दिले तर चालतील का? शेजारच्या काकांनी कॉस्टिक सोडा सुचवला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या झाकणावर करून पाहिलं, फसफसून काळं पडलं. तो रस्ता बंद केलाय.

प्रतिसाद

दादा, मी फोंड्याला गॅरेजमध्ये काम करतो. सोड्याचं बरं झालं आधी झाकणावर पाहिलंत, तो धातूच खातो. कुणी गॅसच्या ज्योतीने रंग जाळायला सांगितलं तरी ऐकू नका, जास्त तापलं की अलॉयची ताकद जाते.

लॅकरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या गावात नको. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर तो नीट धरत नाही. एक खडा लागून टवका उडाला की तिथून खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरत जातात. मग सगळं खरवडून पहिल्यापासून. उघडं ठेवा, वर मेण लावा. किनाऱ्यावरून आलात की साध्या पाण्याने धुऊन पुसून टाका. पावसात दर दोन-तीन आठवड्यांनी पॉलिशचा हात फिरवावाच लागेल, ती तयारी ठेवा. चिंच, लिंबू लावू नका, डाग पडतील.

समईवाल्याकडे द्या, पण बफ नवा लावायला सांगा. पितळेचा बफ वापरला तर त्यातले कण अ‍ॅल्युमिनियमवर बसतात.

आणि चकाकी फक्त पुढच्या तोंडाला द्या. आतल्या बाजूचा रंग राहू द्या, तिथे रोज कोण घासणार? नट बसतात ती जागा घासून पातळ करू नका, तिथे रंगही नको. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार, दादा. उरलेले तीन अलॉय समईवाल्याकडे नेतो, नव्या बफचे पैसे मी देईन. पण पहिल्या अलॉयची आतली बाजू मी आधीच उघडी केलीय. तिथे काय मारू?

प्रतिसाद

400 च्या पेपरने खरखरीत करा, थिनरने पुसा, पाण्याचा थेंब राहू देऊ नका. मग एच (etch) प्रायमर, म्हणजे उघड्या धातूला धरणारा पहिला थर, त्यावर चंदेरी आणि लॅकर. पुढच्या तोंडाला आधी मास्किंग टेप लावून घ्या. आणि हे जूनच्या आत उरका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो.