चारातली एक डिस्क गेली: आधी नवी बसवायची की आधी माल बाहेर काढायचा?

उंबरठा:
मंगळवारी रात्री घरचा सर्व्हर कोकलायला लागला. चार खण, प्रत्येकात १२ टेराबाइटची डिस्क, रेड ५ (कोणतीही एक डिस्क गेली तरी माल वाचतो, अशी मांडणी). पडद्यावर 'डिस्क ३ निकामी' असं दिसतंय. तिचे पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे, संशयास्पद तुकडे) आठवडाभर वाढत होते आणि मी "रविवारी बघू" म्हणत होतो. वॉरंटी केव्हाच संपली. आत १९ टेराबाइट माल आहे. नवी डिस्क आणलीय, खोक्यात पडून आहे. माझं मत सरळ आहे: तिसऱ्या खणातली ओढायची, नवी सरकवायची, रिबिल्ड सुरू (उरलेल्या तिघी वाचून गेलेल्या डिस्कचा माल नवीवर पुन्हा तयार करणं). भाऊ म्हणतो, आधी सगळं कॉपी कर. तुमचं काय मत?

शेवगाशेंग:
भावाचं ऐका. उरलेल्या तिघी त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेल्या ना? मग त्याही तेवढ्याच थकल्यात. रिबिल्ड म्हणजे त्यांना पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सलग पिळायचं. सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट धरले तरी साडेअठरा तास, आणि मध्येच कोणी सिनेमा लावला तर आणखी. शिवाय बऱ्याच घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं: १०० लाख कोटी बिटांमागे एखादी न वाचता येणारी चूक. म्हणजे साधारण साडेबारा टेराबाइटमागे एक. तुम्ही वाचणार ३६.

नळबाजार:
आलं का साडेबारा टेराबाइटचं भूत! अहो, ती कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. माझ्याकडेही असाच चार डिस्कचा संच आहे. दर महिन्याला स्क्रब चालवतो, त्यात सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. हे गणित खरं असतं तर दर खेपेला तीन-चार चुका निघाल्या असत्या. तीन वर्षांत एकही नाही. आणि १९ टेराबाइट कॉपी करायला वाचणार कुठून? त्याच तिघींकडून! वर गेलेल्या डिस्कवरचा भाग पॅरिटीवरून, म्हणजे उरलेल्या डिस्कवर ठेवलेल्या जादा हिशोबावरून, काढत बसायचं. तेवढा वेळ संरक्षण शून्य. बसवा आणि मोकळे व्हा.

तांब्याभांडे:
एवढा खटाटोप कशाला? सगळं क्लाउडवर टाका.

बाकावरचा:
तांब्याभांडे, १०० एमबीपीएसच्या अपलोडवर १९ टेराबाइटला साडेसतरा दिवस लागतात, तेही लाइन एकदाही न पडता. आमच्याकडे वाऱ्याने झाड हललं तरी पडते.

उंबरठा, या दोघांचं भांडण चालू दे. डिस्क ओढण्याआधी तिचा सिरियल नंबर पडद्यावर बघा, कागदावर लिहा आणि डिस्कच्या लेबलशी ताडून मगच हात लावा. माझ्या मेव्हण्याने घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली होती. रेड ५ मध्ये दोन गैरहजर म्हणजे खेळ खलास. सुदैवाने परत जोडणी झाली, पण ती रात्र आम्ही कोणी झोपलो नाही. आणि नवी डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी) नाही ना, तेही बघा. रिबिल्डच्या सलग लिखाणात ती फार रखडते. यूपीएसवर तर ठेवलंच असेल, अशी आशा.

शेवगाशेंग:
नळबाजार, स्क्रब तुम्ही चालवता. उंबरठा चालवत होते का? पेंडिंग सेक्टर बघूनही रविवारची वाट बघणारा माणूस आहे हो हा.

उंबरठा:
टोमणा लागला. नाही, एकदाही चालवला नाही.
आत्ता बसून हिशोब केला. १९ पैकी सोळा-सतरा टेराबाइट पुन्हा मिळण्यासारखं आहे. गेलं तर परत कुठेच न मिळणारं दीड टेराबाइट: मुलांचे फोटो, आईच्या ओव्यांच्या कॅसेटवरून केलेल्या फाइल. ते २ टेराबाइटच्या बाहेरच्या डिस्कवर घेतो, चार-पाच तासांचं काम. मग रिबिल्ड.

नळबाजार:
दीड टेराबाइटला माझी ना नाही. पण कॉपी झाली की लगेच बसवा. "जाता जाता हेही घेऊ" म्हणत आठवडा काढलात तर ओरडेन. आणि मत बदललेलं नाही: ज्याचा बॅकअप आधीपासून आहे त्याने हा प्रश्न विचारायचाच नसतो.

शेवगाशेंग:
पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. शेवटच्या वाक्यापुरती.

उंबरठा:
कॉपी झाली. दहा-बारा फाइल उघडून बघितल्या, ठीक आहेत. मग सर्व्हर रीतसर बंद करून बाकावरच्यांनी सांगितलं तसं सिरियल नंबर घेऊन बसलो. तिसऱ्या खणातल्या लेबलवरचा नंबर जुळेना. चारही बघितल्या. हे सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं! 'डिस्क ३' म्हणजे चौथा खण. तिसऱ्यातली ठणठणीत आहे.
चहा ठेवतो. हाताची थरथर थांबली की बसवतो.