श्यामच्या आईने महाराष्ट्राला फक्त रडायला शिकवलं म्हणे!

निव्वळ_वाचक:
काल एका सद्गृहस्थांची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणे साने गुरुजींनी दोन पिढ्यांना मुळूमुळू रडायला शिकवलं, समाजात काडीचा फरक पडला नाही, बदल होतो तो कायद्याने आणि पैशाने, कादंबऱ्या लिहून नाही. उत्तर द्यायला गेलो तर कमेंट बंद. म्हणून इथे लिहितोय.

अहो, ज्याला तुम्ही रडका म्हणताय तो माणूस 1 मे 1947 ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसला होता, विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडा म्हणून. त्याआधी सेवा दलाची पोरं घेऊन गावोगाव सभा घेत फिरला. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडा म्हणून कळवलं तरी हटला नाही. 10 मेला सुटलं ते, दार उघडायचं कबूल झाल्यावर. आता सांगा, त्याच्या हातात होतं काय? मंत्री नव्हता, कुठला महाराज नव्हता. पण पुस्तक 1935 ला आलेलं, बारा वर्षांत घराघरात पोचलेलं. लोकांना वाटलं आपला श्याम उपाशी बसलाय. हा कादंबरीचा परिणाम नाही तर काय आहे? आणि लिहायचं एक, वागायचं दुसरं असला प्रकार नव्हता, अमळनेरच्या छात्रालयात पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे, आळशी पोरांचे कपडे धुऊन टाकायचे. आजचे लेखक स्वतःचा कप तरी विसळतात का?

बारीक_टाईप:
एक दुरुस्ती. श्यामची आई ही कादंबरी नाहीच, आठवणी आहेत. कादंबरी म्हणायची तर 'आस्तिक', 'क्रांती' म्हणा. बाकी चालू द्या.

काळारामाची_पायरी:
चालू देतोच. 1930 ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आमच्या माणसांनी दगड खाल्ले, वर्षानुवर्षं दारात बसले. त्याच नाशकाच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांत तुमचं हे पुस्तक लिहून होत होतं. काळारामाचं दार काही उघडलं नाही. 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे पंढरपूरचं दार उघडेपर्यंत आम्हाला त्या दाराचं कौतुकच उरलं नव्हतं. बारा वर्षं उशिरा आलात आणि वर आभार मागताय?

आणि ती मोळीची गोष्ट आठवा. महाराच्या म्हातारीची मोळी पडते, कुणी हात लावत नाही, आई श्यामला म्हणते जा, उचलून दे तिला, आणि घरी येऊन आंघोळ कर. आंघोळ!! हे तुमचं क्रांतिकारक पुस्तक.

दापोलीचा_पाऊस:
आंघोळीचं तुम्हाला सांगितलं कुणी? गुरुजींनीच ना? लपवता आलं असतं. पालगडसारख्या गावात त्या काळी बामणाच्या बाईने पोराला भर रस्त्यात शिवायला पाठवणं म्हणजे काय होतं हे मुंबईत बसून नाही कळायचं. आमच्या आजोळी माझ्या आईच्या लहानपणीही पाणी वरून ओतायचे, आणि ते स्वातंत्र्यानंतर, लक्षात घ्या.

काळारामाची_पायरी:
वरून ओतलेलं पाणी प्यायलेत माझे आजोबा. मला नका समजावू. आणि मी मुंबईत नाही, मनमाडला आहे.

दोन_डबे_एक_लोकल:
सगळे पुरुष मोळीवर चर्चा करताहेत, छान. समाजावर परिणाम म्हणताय ना, मला विचारा. माझ्या डोहाळजेवणात सासूबाईंनी ओटीत हे पुस्तक घातलं. तेव्हा मलाही गोड वाटलं. नंतर मूल पाळणाघरात ठेवलं तर "श्यामच्या आईने असं केलं असतं का", विकतची पोळी आणली तरी तेच, मुलगा खोटं बोलला तर आईचे संस्कार कमी पडले. बाप कुठे होता त्या वेळी? पुस्तकातही बघा की, कर्ज वडलांचं, घरावर जप्ती येते, दवंडी पिटतात आणि झिजून मरते आई. आणि आपण त्यातून काय उचललं, तर आईने असंच झिजावं!

खानदेशी_ठेचा:
बाई, हा दोष पुस्तकाचा की तुमच्या सासूचा?

दोन_डबे_एक_लोकल:
बाई म्हणू नका. चांगलं झालं की श्रेय पुस्तकाला आणि वाईट झालं की दोष सासूला, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात?

खानदेशी_ठेचा:
बरं ताई. पण माणूस आईवर लिहिणारच ना, त्याची आई तो सतरा वर्षांचा असताना गेली. कायम काय खुसपट काढायचं. आमच्या वडलांना त्या पुस्तकाने मास्तर केलं. अमळनेरहून जुनी प्रत आणलेली, पान पान सुटलेलं. गावातल्या पहिल्या चार पोरी मॅट्रिकला बसवल्या त्यांनी. घरोघर जाऊन बापांच्या पाया पडले. पाया पडणं कुठून आलं सांगा?

दोन_डबे_एक_लोकल:
तुमचे वडील मोठे होते, मान्य. घरी पोळ्या कोण करत होतं?

खानदेशी_ठेचा:
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

निव्वळ_वाचक:
अहो मूळ मुद्द्यावर या. आई चांगली की वाईट हा विषयच नाही. लेखकाच्या जगण्याला वजन असलं की त्याच्या शब्दाला वजन येतं, एवढंच म्हणतोय.

चंद्रभागेचा_गाळ:
मी पंढरपूर तालुक्यातला. देऊळ उघडल्यावर काय झालं ते घरात ऐकलंय. सनातन्यांनी विठ्ठलाचं तेज म्हणे घागरीत काढून घेतलं, आत उरली ती नुसती मूर्ती. माझे पणजोबा त्यानंतर मरेपर्यंत आत गेले नाहीत, वारी करायचे, कळसाला हात जोडून मागे फिरायचे. पणजी मात्र नवऱ्याला बाहेर उभं करून आत जायची, पायावर डोकं टेकवून यायची, घरी आल्यावर आठ दिवस अबोला. तिला अक्षरओळख नव्हती, श्यामची आई माहीत असायचं कारण नाही. तिने तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींना उपाशी पडलेलं बघितलं होतं. तेव्हा परिणाम झाला तो माणसाचा, पुस्तकाचा नाही. आणि बडव्यांचे, म्हणजे देवळातल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क संपले ते 2014 ला, सुप्रीम कोर्टात. तुमचे ते पोस्टवाले गृहस्थ कायद्याबद्दल बोलले त्यात तथ्य आहे थोडं.

निव्वळ_वाचक:
थोडं आहे, ठीक. पण मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदाही 1947 चाच हो, त्याच वर्षी आला. कुणीतरी आधी हवा तापवली म्हणूनच ना?

काळारामाची_पायरी:
हवा 1930 पासून तापलेलीच होती, तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. एक कबूल करतो. उपाशी बसणारा एक तरी निघाला आणि अर्धवट उठला नाही. तीन वर्षांनी, 11 जून 1950 ला, त्याने स्वतःला संपवलं. घराघरात श्याम होते म्हणता ना, मग त्याला एकटं का पडावं लागलं? ते सगळे वाचक काय करत होते?

बारीक_टाईप:
रडत होते.

दापोलीचा_पाऊस:
असल्या विषयावर विनोद सुचतो तुम्हाला. धन्य.

दोन_डबे_एक_लोकल:
एवढे प्रतिसाद झाले, माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते "बाई" आणि "विषयच नाही". पाळणाघर सहाला बंद होतं, निघते. तोवर आंघोळ पुण्य की पाप ते ठरवून ठेवा.