रशियातून पळून आलेल्या ज्यूंची पोरं न्यूयॉर्क पोलिसात कशी गेली?

रातकिडा:
शंका आहे, हसू नका. १८८१ ला झारचा खून झाला, रशियात ज्यूंवर दंगली उसळल्या आणि तेव्हापासून ते लोक जथ्याने न्यूयॉर्कला यायला लागले. मग गावाकडे वर्दी दिसली की ज्यांची घरंच्या घरं दारं लावून बसायची त्यांचीच पोरं इकडे पोलीस? आणि खातं तर आयरिश लोकांनी भरलेलं होतं ना?

जुनापेपर:
ऑटो राफेल शोधा, न्यूयॉर्क पोलिसातला ज्यू शिपाई. त्याआधी भरतीचा रेटच ठरलेला असायचा, १८९४ च्या लेक्सो कमिटीसमोर (पोलिसातल्या लाचखोरीची चौकशी करणारी) शिपायाच्या जागेला ३०० डॉलर असा आकडा आला, आता बोटीतून उतरलेल्या माणसाकडे ते कुठनं येणार. १८९५ ला थिओडोर रूझवेल्ट (हो तेच, पुढे प्रेसिडेंट झालेले) पोलीस बोर्डाचे प्रमुख झाले आणि वशिल्याऐवजी परीक्षा लावली. ते न्यूयॉर्कातल्याच बावरी भागात भाषणाला गेलेले, तिथे कोणीतरी हा राफेल दाखवला, पेटलेल्या इमारतीतून बायका-पोरं बाहेर काढलेला दांडगा गडी. म्हणाले परीक्षेला बस. बसला, पास झाला. त्या पगारावर धाकट्या भावंडांना शिकवलं, वर रशियात अडकलेले दोन-तीन नातेवाईक पण आणले. वर्दीबिर्दी ठीक आहे हो, बांधलेला पगार मिळत होता.

खडूस:
पण राफेलला रूझवेल्ट अस्सल न्यूयॉर्कचाच म्हणतात, रशियातून आले ते आईबाप. स्वतः बोटीने आलेला पाहिजे तर इझी आइनस्टाइन, ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेला, आधी पोस्टात कारकून. तो पोलीस नाही, दारूबंदीचा एजंट, १९२० ते २५ मध्ये जोडीदार मो स्मिथबरोबर ४,९३२ जणांना पकडलं म्हणतात. यिडिश (तिकडच्या ज्यूंची भाषा), पोलिश, जर्मन, हंगेरियन सगळं यायचं, बुटका जाडा माणूस, कोणाला संशयच येत नसे.

रातकिडा:
भारीच. पण खात्यातले बाकीचे लोक ज्यू पोलिसाला वागवायचे कसे?

जुनापेपर:
सगळ्यांचं कसं सांगू, पण एक किस्सा आहे. १८९५ लाच बर्लिनचा ऑल्वार्ट नावाचा ज्यूद्वेष्टा भाषण द्यायला आला आणि बंदोबस्त मागितला. बंदी घातली असती तर उगाच हुतात्मा झाला असता, म्हणून रूझवेल्टनी त्याच्याभोवती मुद्दाम एक ज्यू सार्जंट आणि वीस-चाळीस ज्यू शिपाई उभे केले, बोल म्हणाले आता काय बोलायचं ते! आणि १८९७ च्या कॉर्बेट-फिट्झसिमन्स बॉक्सिंग मॅचला जवळजवळ सगळं खातं कॉर्बेटच्या बाजूने, फिट्झसिमन्स जिंकणार म्हणणारे जवळपास दोघंच, रूझवेल्ट आणि राफेल. जिंकला फिट्झसिमन्सच :)