शेजारी ठेवलेल्या दोन टॅबना मधे सर्व्हर कशाला?

सरळरेघ

गेल्या महिन्यात आम्ही दोघं झाडांच्या नोंदी घ्यायला तीन दिवस जंगलात होतो. प्रत्येकाकडे एकेक टॅब. संध्याकाळी दोघांच्या नोंदी एकत्र करायच्या आणि फोटो एकमेकांना द्यायचे, एवढंच काम. रेंज अजिबात नव्हती. आमच्या नोंदींच्या अ‍ॅपला 'शेअर'चा एकच अर्थ ठाऊक: आधी सर्व्हरवर चढवा. शेवटी त्याने वाचून दाखवलं आणि मी रात्री साडेअकरापर्यंत टाइप करत बसलो. दोन्ही टॅब एकाच चटईवर होते.

हे पूर्वी जमायचं, म्हणून जास्त लागतं. अ‍ॅपलच्या न्यूटन या हातातल्या छोट्या संगणकात १९९३ सालीच इन्फ्रारेड होतं, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशाने माहिती पाठवायची सोय. १९९८ मध्ये पाम थ्री हा तसाच खिशातला संगणक आला. त्याचं पत्त्यांचं बटण जरा दाबून धरलं की आपलं कार्ड समोरच्या पाममध्ये जायचं. 'बीम कर' म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नसे. इर्डाचा (इन्फ्रारेडने माहिती पाठवायच्या मानकाचा) सुरुवातीचा वेग सेकंदाला ११५.२ किलोबिट, म्हणजे एक एमबीला दीड मिनिट. अंतर जेमतेम मीटरभर. पण खातं नको, पासवर्ड नको, तिसरं कुणी नको.

माझं म्हणणं असं: हातात धरून वापरायच्या यंत्रावर जे अ‍ॅप माहिती साठवतं, त्याला ती शेजारच्या यंत्राला थेट देता आलीच पाहिजे. सर्व्हर ही जादा सोय असावी, अट नसावी.

तळटीप

त्रास खरा आहे, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. पाम बीम करायचा ती प्रत होती. तोच पत्ता दोनदा बीम केला तर समोर दोन नोंदी व्हायच्या. तुम्हाला जंगलात हवा होता मेळ: त्याच्या नोंदी, माझ्या नोंदी, आणि दोघांनी हात लावलेल्या नोंदींचा निवाडा.

मेळ घालणं किती अवघड ते पामवाल्यांनाही माहीत होतं. हॉटसिंकमध्ये, म्हणजे पाम आणि संगणकातल्या नोंदी जुळवताना, प्रत्येक नोंदीवर 'बदलली' किंवा 'काढून टाकली' अशी खूण असायची. मागच्या वेळी ज्या संगणकाशी सिंक केलं त्याच्याशीच पुन्हा केलं तर फक्त खुणा बघून पटकन काम व्हायचं. मधे दुसऱ्या संगणकाशी जोडलं असेल तर त्या खुणांवर विसंबता येत नसे, सगळ्या नोंदी एकेक करून ताडून बघाव्या लागत. हे एका मालकाच्या माहितीचं. तुम्ही तर दोन मालक म्हणताय.

आता तुमच्या टॅबचं घड्याळ त्याच्यापेक्षा वीस मिनिटं मागे आहे असं धरा. 'नंतरची नोंद खरी' हा नियम लावला तर तुम्ही नंतर केलेली दुरुस्ती त्याच्या जुन्या नोंदीखाली गाडली जाईल, आणि कुणाला कळणारही नाही. सर्व्हर तिथे पंच असतो. त्याचं घड्याळ एकच.

वजनकाटा

सरळरेघ यांच्याशी सहमत, पण इन्फ्रारेडची आठवण काढून नको. आकडे बघा. तीन जीबीचे फोटो आणि व्हिडिओ आहेत असं धरू. त्या इन्फ्रारेडवर तीन दिवस लागतील. ब्लूटूथवर सेकंदाला दोन मेगाबिट खरोखर मिळाले तरी तीन तासांच्या वर. दोन यंत्रं वायफायने थेट जोडली आणि सेकंदाला तीस एमबी मिळाले, तर दोन मिनिटांच्या आत. उलट सर्व्हरच्या वाटेने, चढवायचा वेग दहा मेगाबिट असेल तर नुसतं चढवायलाच चाळीस मिनिटं, आणि मग समोरच्याने उतरवून घ्यायचं. वायफाय डायरेक्टची (राउटरशिवाय दोन यंत्रं थेट जोडायच्या पद्धतीची) प्रमाणपत्रं २०१० पासून मिळताहेत. यंत्रात ताकद आहे, ती अ‍ॅपपर्यंत पोचत नाही.

कडीकुलूप

मी विरोधात आहे, आणि कारण सुरक्षेचं. थेट जोडणी म्हणजे यंत्राने अनोळखी यंत्रासाठी दार किलकिलं ठेवणं. २००४ चा कॅबिर आठवतो का? सिम्बियन प्रणालीच्या फोनवर ब्लूटूथने पसरणारा किडा. 'घ्यायचं का?' असा प्रश्न यायचा, 'नाही' म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न. कंटाळून माणसं 'हो' म्हणायची. सर्व्हरवरून येणारी फाइल निदान कुणीतरी तपासू शकतं.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२१ मध्ये डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की एअरड्रॉप (आयफोनमधली जवळच्या यंत्राला थेट फाइल द्यायची सोय) आसपासची ओळखीची माणसं शोधताना फोन क्रमांकाचा जो हॅश, म्हणजे क्रमांकावरून गणिताने काढलेली खूण, पाठवतं, त्यावरून मूळ क्रमांक काढता येतो. क्रमांकांची संख्या मर्यादित असते, सगळे ताडून बघता येतात. फाइल पाठवायच्या आधीच ओळख उघडी पडते.

सरळरेघ

@कडीकुलूप, कॅबिर चाललं कारण ब्लूटूथला दहा मीटरवरचा कुणीही दार ठोठावू शकत होता. इन्फ्रारेडला नेम धरावा लागायचा. माणूस समोर आहे, त्याने यंत्र माझ्याकडे वळवलंय, हे मला दिसायचं. इन्फ्रारेड गेलं त्याचं मला काही नाही, ती दिसणारी संमती गेली हे नुकसान मोठं आहे. ती परत आणता येते: एका पडद्यावर क्यूआर, दुसऱ्याचा कॅमेरा त्यावर. जोडणीची गुप्त किल्ली त्यातूनच जाते, हवेतून ओरडून कुणाला शोधावं लागत नाही.

अँड्रॉइड बीम हेच करायचा. २०११ मध्ये आला: पाठीला पाठ लावली की एनएफसीने (अगदी जवळून चालणाऱ्या रेडिओने) ओळख, मग ब्लूटूथने फाइल. अँड्रॉइड १० मध्ये तो काढून टाकला. मला ते आजही पटलेलं नाही.

@तळटीप, घड्याळाचा मुद्दा मान्य. विचार करतोय.

दोरखंड

वायर विसरलात का सगळे? यूएसबी ऑन-द-गो, म्हणजे मधे संगणक नसताना दोन यंत्रं वायरने जोडायची सोय, २००१ पासून आहे. दोन टाइप-सी टॅब एका वायरीने जोडायचे, सूचनेवर टॅप करून कोण यजमान आणि कोण पाहुणा ते निवडायचं, की समोरच्याचे फोटो फोल्डरमध्ये दिसतात. चोरून ऐकायला कुणी नाही. अडचण एवढीच की नोंदींचं अ‍ॅप आपली माहिती अशा कोपऱ्यात ठेवतं जिथे वायरही पोचत नाही. अ‍ॅपने 'फाइल काढून द्या' हे बटण दिलं तर निम्मा वाद इथेच संपेल.

उलटतपासणी

तळटीप यांच्या पंचाबद्दल. गिट हे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन २००५ पासून पंचाशिवाय चालतंय. दोन माणसांचे संगणक एकमेकांकडून थेट बदल ओढू शकतात, आणि तो घड्याळावर विसंबत नाही. कोणता बदल कुठल्या बदलावर उभा आहे याची साखळी ठेवतो. दोघांनी तीच ओळ बदलली असेल तर थांबून माणसाला विचारतो. झाडांच्या नोंदींना एवढंच पुरे आहे: प्रत्येक यंत्राने आपल्या बदलांची मोजणी ठेवायची आणि भेटल्यावर विचारायचं, 'माझे कितव्यापर्यंतचे तुझ्याकडे आहेत?'

तळटीप

दोन यंत्रांपुरतं मान्य करतो. घड्याळाऐवजी मोजणी, हे बरोबर आहे. सर्व्हर हा एकमेव पंच म्हणालो ते जास्त झालं.

पण 'अट नसावी' हे अजूनही मान्य नाही. बारा जणांचा गट असेल, आणि तिघं तीन आठवडे भेटलेच नाहीत, तर मधल्या काळात पूर्ण यादी कुणाकडेच नसते. अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा असेल तर? शिवाय 'माणसाला विचारतो' हे प्रोग्रॅमरला सोपं. दिवसभर चालून आलेल्या माणसाला रात्री चाळीस वेळा 'हे की ते?' विचारलं, तर तो कॅबिरसारखंच कंटाळून 'हो' म्हणेल.

वजनकाटा

एक बातमी या धाग्यात यायला हवी. २०२५ च्या नोव्हेंबरात गूगलने आपल्या पिक्सेल १० फोनवर क्विक शेअर (अँड्रॉइडची थेट फाइल द्यायची सोय) एअरड्रॉपशी बोलेल असं केलं. आयफोन आणि अँड्रॉइड थेट, मधे कुणी नाही. ओबेक्स या यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायच्या समान पद्धतीमुळे एका कंपनीच्या फोनमधलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या पाममध्ये जायचं, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. मधली वर्षं यंत्राची मर्यादा म्हणून गेली नाहीत, प्रत्येकाने आपलं कुंपण घातलं म्हणून गेली.

सरळरेघ

@तळटीप, चाळीस प्रश्नांचा मुद्दा खरा आहे, पण आमच्या कामात एकाच झाडाला दोघांनी हात लावला असं तीन दिवसांत दोनदाच झालं. बारा जणांच्या गटाला सर्व्हर हवाच, ते मान्य. दोघांना तो नको असेल तेव्हा मार्ग खुला असावा, इतकं माझं म्हणणं उरतं.

आज अ‍ॅप उघडून बघितलं. नोंदींना क्रमांक एकपासून मिळतो, त्यामुळे त्याचं चौदावं झाड आणि माझं चौदावं झाड वेगळी आहेत. थेट जोडणी मिळाली असती तरी एकाने दुसऱ्याचं पुसलं असतं. अ‍ॅप बनवणाऱ्यांना दोन मागण्या लिहून पाठवल्या: क्रमांकात यंत्राची ओळख घाला, आणि दोरखंड म्हणतात ते फाइलचं बटण द्या. उत्तर आलं की इथे टाकतो.